ताडपत्रीखालचा रंग

तीस वर्षं मी मोजणी खात्यात जमिनी मोजल्या. त्या नोकरीनं मला दोन गोष्टी दिल्या, गुडघेदुखी आणि संशय. धुरा, म्हणजे शेताची हद्द, दाखवणारा माणूस गोड बोलू लागला की मी ओळखायचो, यानं दगड सरकवलेला आहे. बहुतेक वेळा तो सरकवलेला असायचाच. त्यामुळे आपला संशय चुकू शकतो, हा विचार माझ्या मनाला कधी शिवलाच नाही. बायको म्हणते, "तुमाले देवानं हातात परसाद देल्ला तरी तुमी उलटून पाहान." पाहीन. उलटून पाहण्यात वाईट काय आहे?

निवृत्तीनंतर मामांची गाडी माझ्याकडे आली. मामा दिघोरीला डॉक्टरकी करत. फुगीर गालांची, गोल दिव्यांची ती गाडी आली की आम्ही पोरं तिच्यामागे धावायचो. रंग दुधावरच्या सायीसारखा, पांढराही नाही आणि पिवळाही नाही. मामांनंतर मामेभावानं तिला आधी काळा आणि मग लाल रंग फासला, आणि चालेनाशी झाली तेव्हा ट्रॅक्टरला बांधून पवनीत माझ्या अंगणात आणून सोडली. इंजिनाचं पुढं पाहू, पण तिचा पहिला रंग तिला परत द्यायचा, असं मी ठरवलं.

नागपूरच्या दुकानात मशीननं रंग बनवतात म्हणून तिथं गेलो. इतक्या जुन्या गाडीचा रंग मशीनच्या यादीत नव्हता. त्यांनी अंदाजानं एक डबा करून दिला. घरी येऊन उघडला तर नव्या फ्रिजचा पांढरा. मग सगळ्यांनी एकच नाव घेतलं, पवनीजवळच्या कोंढ्याचा पेंटर.

हा पेंटर सत्तरीला आलेला. रस्त्याकडेला टिनाचा एक मांडव, समोर धानाच्या मोकळ्या बांध्या, हेच त्याचं दुकान. मशीन नाही, पाटी नाही. लोक यायचे ते त्याच्या डोळ्यावर भरोसा ठेवून. जीपचं अर्धं दार तो नव्यानं रंगवतो आणि जोड कुठं आहे ते सापडत नाही, असं जो तो सांगायचा. बाकीची कामं नव्या दुकानांकडे गेली होती, जुन्या गाड्या तेवढ्या त्याच्याकडे उरल्या होत्या. त्या डोळ्याबद्दल कुणी वाईट बोललं असतं तर त्याच्यापाशी दुसरं काही राहिलं नसतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पण जोड सापडत नाही म्हटलं की मला आधी शंका येते. हा हलका रंग वापरणार, डबा बदलणार, थिनरमध्ये भलतंच काही मिसळणार, असं माझ्या डोक्यात फिरू लागलं. म्हणून मी अट घातली, काम माझ्या अंगणात आणि माझ्या डोळ्यांसमोर.

"मांडवात आणा ना जी," तो म्हणाला. "तिथं माही जागा हाये, सवय हाये."

"गाडी चालत नाही, पेंटरभाऊ."

"आली तशीच नेऊ, ट्रॅक्टरनं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "का भरोसा नाई माह्यावर?"

मी हसून वेळ मारून नेली. तो रोज सकाळच्या बसनं येऊ लागला.

दिवाळीनंतरचे दिवस होते, धानाची मळणी जोरात होती. हवेत कोंडा उडायचा आणि ओल्या रंगावर कण बसले की काम मातीत. मेहुण्याचं धान घरात येऊन पडलं होतं, त्यामुळे धानाचा ढीग झाकायची त्याची भलीमोठी पिवळी ताडपत्री मोकळी होती. ती मी गाडीवर मांडवासारखी बांधली, चारही बाजूंनी खाली सोडली. आत खुर्ची टाकून मी बसायचो. बायको चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "त्याच्यावर पाहारा देऊन राहिले का गाडीवर?"

त्यानं लाल आणि काळा थर घासून काढला. मग डॅशबोर्डमधल्या कप्प्याचं झाकण सोडवलं आणि त्याची आतली बाजू हळूच पुसली. तिथं मामांच्या वेळचा रंग जसाच्या तसा होता. "जथी ऊन नाई लागलं, तथी इचाराव रंगाले," तो म्हणाला. मला ते फार आवडलं, आणि हा माणूस बोलून भुलवतो, असंही लगेच वाटलं. झाकण मी रोज संध्याकाळी कपाटात कुलूप लावून ठेवायला लागलो. त्यानं बदलून टाकलं तर?

मग रंग मिळवणं सुरू झालं. पांढऱ्यात थोडा पिवळा, काडीच्या टोकानं काळा, त्याहून कमी लाल. पत्र्याच्या पट्टीवर एक हात मारायचा, सुकू द्यायचा, झाकणाशेजारी धरायचा. ओला रंग वेगळा आणि सुकलेला वेगळा. "भाजीतल्या मिठावानी हाये हे," तो म्हणायचा. "जास्त झालं का मंग काढता येत नाई."

दुसऱ्या दिवशी तो पट्टी आणि झाकण उचलून निघाला.

"कुठं?"

"तलावाच्या पाळीवर. पाहून येतो."

पाहायचं ते पाळीवर काहून? मी मागोमाग गेलो. तलावाच्या बांधावर तो उकिडवा बसला होता आणि त्याच्याजवळ एक मोटरसायकलवाला थांबला होता. दोघं काहीतरी बोलले. मोटरसायकलवाल्यानं वाकून पट्टी पाहिली. माझ्या डोक्यात सगळं पक्कं झालं. हा माझ्या गाडीचा रंग दुसऱ्या कोणाला तरी देऊन राहिला. तो माणूस मासोळ्या विकणारा होता आणि पेंटरला घ्यायच्या आहेत का एवढंच विचारत होता, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मात्र मी परत आल्याबरोबर सांगून टाकलं, "झाकण या अंगणाबाहेर जाणार नाही. पट्ट्याही नाही. जे पाहायचं ते इथंच पाहा."

"इथचा उजेड खोटा हाये, साहेब."

"उजेड कधी खोटा असतो का?"

 पेंटरला ते समजावून सांगता आलं असतं. पण समोरच्यानं आपल्याला चोर ठरवलंय हे ज्याला कळतं, त्याची समजावण्याची इच्छाच मरते. "तुमी म्हणता तं इथं पाहतो," तो म्हणाला, आणि त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. तो गप्प झाला, तर मला त्या गप्प बसण्याचाही संशय आला.

पुढचे आठ-दहा दिवस त्यानं जीव ओतून काम केलं. पुट्टी, प्रायमर, घासणं, मग रंगाचे एकावर एक पातळ हात. शेवटी पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरनं तो दिवसभर घासत बसला. चमक मंद दिसत होती, म्हणून मी टोकलं, वरून चकाकीचा हात मारायचा टाळताय की काय?

"आरशावानी चमक नव्या गाडीले राहते जी. इले तसं केलं तं म्हातारीले लिपस्टिक लावल्यावानी दिसन."

मी तेव्हा हसलोसुद्धा नाही. आज ते आठवलं की हसू येतं आणि लगेच लाज वाटते.

शेवटच्या दिवशी झाकण दाराला लावून त्यानं मला दाखवलं. तंतोतंत. माझ्याच्यानंही फरक काढता आला नाही. शेजारची चार माणसं बोलावून आम्ही गाडी ढकलत उन्हात आणली.

गाडी वरणाच्या रंगाची होती.

कुणीतरी फस्सकन हसलं. पेंटरनं झाकण घेतलं, दाराला लावलं, काढलं, परत लावलं. दोन रंगांत उघड उघड फरक होता. मग तो स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिला. आणि मी, तीस वर्षं ज्या आवाजात लोकांना धुरा सरकवल्याचं सांगत आलो, त्याच आवाजात सगळ्यांसमोर म्हणालो, "पेंटरभाऊ, एकदा डोळे तपासून घ्या."

 तो रंगाची गन आणि डबे पोत्यात भरून बस पकडायला गेला.

मी तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पण चहाच्या टपरीवर मी ही हकीकत चवीनं सांगितली. म्हाताऱ्याचे डोळे गेले, वरणाच्या रंगाची गाडी करून गेला. लोक हसले, मला बरं वाटलं. गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. एका राईस मिलवाल्याची जुनी जीप त्याच्याकडे जायची होती, ती नागपूरला गेली. हेही मला टपरीवरच कळलं, आणि खरं सांगतो, माझं म्हणणं लोकांनी मानलं म्हणून मी आतून सुखावलो.

महिनाभरानं दव पडायला लागलं म्हणून मी गाडी पुन्हा त्या ताडपत्रीखाली ढकलली. कप्प्याचं झाकण परत बसवायला गेलो. सहज ते दाराशी धरलं. दोन्ही रंग एक होते. ताडपत्रीची कड उचलली, दाराची किनार उन्हात आली, रंग वेगळे झाले. कड सोडली, पुन्हा एक. असं मी किती वेळा केलं कुणास ठाऊक. ताडपत्री पिवळी. आतला सगळा उजेड पिवळा. त्यात पिवळा किती पडला हे दिसणार कुणाला? बिचारा अंदाजानं टाकत गेला.

मोजणीला निघण्याआधी साखळी तपासायची, हा आमच्या खात्यातला पहिला धडा. ताणून लांब झालेल्या साखळीनं मोजलं तर अख्खं गाव चोर ठरतं. तो धडा मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मंग आता जा ना त्याच्याकडे. इथं काहून बसून राहिले?"

दुसऱ्या दिवशी कोंढ्याला गेलो. तो मांडवात एका घराचं लोखंडी फाटक रंगवत होता. मी उभ्यानंच सांगितलं, चूक ताडपत्रीची, म्हणजे माझी. तुमचा डोळा खरा. टपरीवर जाऊनही सांगेन. आणि तसं मी पुढं सांगितलंही, पण ती गोष्ट ऐकायला कुणी थांबत नव्हतं. वरणाच्या रंगाची गाडी ऐकायला मजा होती, पिवळ्या उजेडात कसली आली मजा?

"मी तं म्हटलं होतं जी," तो म्हणाला. राग नव्हता त्यात. "आणा गाडी. नीट करून देतो."

गाडी ट्रॅक्टरला बांधून नेली. झाकण मी आपल्या हातानं त्याच्याकडे दिलं आणि दूर जाऊन बसलो. सकाळचं स्वच्छ ऊन होतं. पूर्वी तो म्हणे एका नजरेत रंग धरायचा. त्या सकाळी त्यानं पट्टीवर पट्टी केली, पुसली, परत केली. शेवटी एक पट्टी झाकणाला लावून तो माझ्यापाशी आला.

"साहेब, पाहा बरं. जमला का?"

मी पाहिलं. साय. मामांची गाडी. कुठंही फरक नव्हता. "तंतोतंत आहे, पेंटरभाऊ."

"खरं सांगून राहिले का माहं मन राखून राहिले?"

"शपथ घेऊन सांगतो. खरंच जमलाय."

त्यानं पट्टी आणि झाकण पुन्हा उन्हात धरलं. मग रस्त्यावरून डोक्यावर भारा घेऊन एक बाई चालली होती, तिला त्यानं हाक मारली, "ओ बाई, जराशीक थांब वो. हे दोन्ही एकच रंग होय का, पाहून सांग बरं."