गीझरच्या स्विचवरची पाटी

आधी तोंडातला चहा गिळून घ्या, मग सांगतो. ठसका लागला तर मला बोलायचं नाही.

तेव्हा आम्ही बोईसरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. ऐन थंडीत गीझरने मान टाकली. लाल दिवा लागायचा, पाणी मात्र गारच. आणि नेमके दातिवऱ्याहून सासरे यायचे होते. त्यांची कंबर धरलेली, गरम पाण्याने शेकायची म्हणून लेकीकडे येत होते. होडीचं इंजिन स्वतः खोलणारा माणूस. जावयाला साधा खिळा ठोकता येत नाही, असं त्यांचं ठाम मत. ते खोडायची संधी मी सोडणार?

ते येणार त्या दिवशी पहाटेच कामाला लागलो. स्विच बंद करून, कारखान्याच्या शिस्तीत, त्यावर पुठ्ठ्याची पाटी टांगली: 'काम चालू आहे. हात लावू नये.' खाली माझं नाव. ज्याचं नाव, त्यानेच पाटी काढायची. हा नियम मोडणं आमच्याकडे पाप! मी पंखा दुरुस्त करत असताना बायकोने एकदा बटण दाबलं होतं, तेव्हा याच नियमावर तिने माझं तासभर व्याख्यान ऐकलेलं.

कॉइल ओढून काढली तर बोअरच्या खाऱ्या पाण्याने वर पांढरा थर, आणि मध्येच फुटलेली. नवी बसवली, रबरी वॉशर बदलला, टाकी भरली. एक थेंब गळेना! छाती अशी फुगली म्हणून सांगू! तेवढ्यात खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. तसाच धावलो. पाटी राहिली तिथेच.

कंपनीत दिवसभर माझंच कॉइलपुराण. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना भजीही खिलवली.

संध्याकाळी घरी येतो, तर सासरे गोधडीत गुरफटून बसलेले.

"मामा, पाणी कसं होतं?" मी ऐटीत विचारलं.

"गार. बरफ."

बायको शांतपणे म्हणाली, "पाटीवर तुमचं नाव होतं. मी कशी काढणार?"

"मीच बोललो तिला," सासरे म्हणाले, "नाव लिवलंय, तर आपून हात नाय लावायचा."

मी पाटी उपटली, स्विच लावला. थोड्याच वेळात बादलीतून वाफा! मामांना पुन्हा अंघोळीला पाठवलं. आतून त्यांचा सुखाचा हुंकार आला, आणि खरं सांगतो, बढतीच्या दिवशीही मला एवढा आनंद झाला नव्हता.

मामा बाहेर आले ते कंबर ताठ करूनच. लेकीला म्हणाले, "जावयाला काम येतं गो. फक्त त्याच्या हातात पेन देऊ नको."