फारमवाली जिजी

आत्याबाईंना बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. धारला किल्ल्याच्या रस्त्यावर त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. एक संगणक, एक प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन आणि एक खुर्ची. खुर्चीवर गिऱ्हाईक बसायचं. आत्याबाई उभ्यानं टाइप करायच्या, उभ्यानं चहा प्यायच्या आणि दोन गिऱ्हाइकांच्या मधे रस्त्यापर्यंत जाऊन परत यायच्या. कुणी म्हटलं, "जिजी, जरा बैठ जाओ," की म्हणायच्या, "बैठती हूँ तो लगता है कुछ रह गया." सगळा मोहल्ला त्यांना फारमवाली जिजी म्हणे. आमच्या घरात मात्र जुन्या वळणानं आत्याबाई, आणि अहो-जाहो.

बोर्डाचा निकाल लागला की दुकानासमोर गर्दी व्हायची. मोबाइलवर निकाल दिसू लागल्यावरही लोक यायचे, कारण नेट अडकायचं आणि छापील कागद लागायचाच. त्या दिवशी पालकांना पायरीच्या वर प्रवेश नसे. "भिया, आप नीचे रुको. नंबर बच्ची के हैं, पहले वो देखेगी." मग त्या स्क्रीन मुलीकडे वळवायच्या आणि स्वतः पाठ फिरवून उभ्या राहायच्या. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "आमच्या वेळी निकाल पेपरात यायचा. माझा नंबर तुझ्या आजोबांनी, अप्पांनी, चौकात शोधला, दहा माणसांत. थर्ड डिव्हिजन. मी घरी पोळ्या लाटत होते. मला माझा निकाल भाजीवालीनं सांगितला."

एका वर्षी एक मुलगी त्यांच्याकडून निकालाचा कागद घेऊन गेली आणि घरी पोचलीच नाही. तिसऱ्या दिवशी ती मोहनखेड्याच्या धर्मशाळेत सापडली. यात्रेकरूंच्या पंगतीत दोन वेळा जेवत होती आणि कुणी विचारलं तर आई मागून येतेय म्हणून सांगत होती. त्या तीन दिवसांत आत्याबाई तीनदा बसस्टँडवर जाऊन आल्या. तेव्हापासून कमी नंबर आलेल्या मुलाला त्या एकटं सोडत नसत. रांग तशीच ठेवून शटर अर्धं ओढायच्या आणि त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जायच्या. वाटेत समजूत वगैरे घालत नसत. "भरभर चल, लोक खोळंबलेत," एवढंच.

माझा बारावीचा निकाल मी देवासला पाहिला, बाबांच्या मोबाइलवर, बाबांच्या शेजारी बसून. गणितात एक्केचाळीस. मी पंच्याऐंशीच्या खाली विचारच केला नव्हता. बाबा कारखान्यात सुपरवायझर होते आणि इंदूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजची चौकशी करून आले होते. त्यांनी पान दोनदा उघडून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हणाले, "बोर्डाची चूक आहे. बेरीज चुकलीय."

ते म्हणताना मला ते खरंच वाटत होतं का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. निम्मं वाटत होतं. बाबांना पूर्ण वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात सांगितलं, शेजारी सांगितलं, फोनवर सतवासच्या काकांना सांगितलं. जितक्या लोकांना ते सांगत, तितकी माझी झोप कमी होत गेली. चौथ्या दिवशी उत्तरपत्रिकेची प्रत मागवण्याचं निमित्त करून मी धारची बस धरली.

आत्याबाईंनी अर्ज भरला. "पत्ता कुठला टाकू?"

"इथलाच."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि इथलाच टाकला.

प्रत येईपर्यंतचे तीन आठवडे मी त्यांच्याकडे राहिले. मला घरात पडून राहू दिलं नाही. सकाळी नऊला दुकानात. जातीचा दाखला, स्कॉलरशिप, आयटीआय, नर्सिंग, जो येईल त्याचा फॉर्म मी भरायचा. रकाना होता, "बारहवीं में प्राप्तांक." लोक आपले आकडे सांगायचे आणि मी ते टाइप करायची. अडतीस. बावन्न. एकाहत्तर. पहिले काही दिवस प्रत्येक आकडा माझ्या आकड्याशी ताडून बघायची. मग दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेली एक बाई आली, माझ्या आईच्या वयाची. चव्वेचाळीस सांगताना ती हसली, आणि मी मान खाली घालून कागद शोधत राहिले. टपालवाला दुपारी यायचा. त्याची सायकल वळणावर दिसली की माझं टाइप करणं थांबायचं. तो पुढे निघून गेला की हायसं वाटायचं, आणि तेच मला सर्वांत वाईट वाटायचं.

पाकीट आलं त्या दिवशी आत्याबाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि शटर ओढलं. "वाच. सगळी पानं."

बेरीज बरोबर होती. दोन ठिकाणी "अथवा" होतं आणि मी घाबरून दोन्ही प्रश्न सोडवले होते. तिसऱ्या ठिकाणी एका समाकलनात चिन्ह चुकून दीड पान भलतीकडेच गेलं होतं. शेवटची अडीच पानं कोरी. त्या कोऱ्या पानांवर तपासणाऱ्यानं लाल तिरपी रेघ ओढली होती. परीक्षेच्या दिवशी घंटा झाली तेव्हा माझी पानं कोरी होती, हे मला मार्चपासून माहीत होतं. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आत्याबाई, बाबांना तुम्ही सांगा."

"नाही."

"तुमचं ऐकतील ते."

"म्हणूनच नाही. फॉर्म मी भरते. सही ज्याची त्यानंच करायची."

मी रडले. रडणं त्यांना सोसत नसे, त्या शटरच्या फटीतून रस्ता बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चल. अडीचची बस मिळेल."

देवासला बाबा कारखान्यातून येऊन हातपाय धूत होते. मी ती पानं त्यांच्यापुढे ठेवली. "बाबा, बोर्डाची चूक नाही. माझाच पेपर सुटला. मला माहीत होतं." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकून पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. गणित त्यांना फारसं कळत नव्हतं, तरी एकही पान त्यांनी गाळलं नाही. कोऱ्या पानांशी आल्यावर म्हणाले, "मी आठ जणांना सांगून बसलो."

"आठ जणांना परत सांगता येतं, बाळ्या," आत्याबाई दारातून म्हणाल्या. "आधी जेवायला वाढ तिला. सकाळपासून काही खाल्लं नाही तिनं."

बाबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्यावर म्हणाले, "सांगितलं सगळ्यांना." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. इंदूर राहिलं. मी धारच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, मग रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. केलं, आणि आता बदनावरला मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहे. सोयाबीनच्या पेरणीआधी शेतकरी पिशवीत माती घेऊन येतात. काम मला आवडतं. इंजिनिअर झाले असते तर काय, हा विचार अधूनमधून येतो. तो गेला आहे असं म्हटलं तर खोटं होईल.

गेल्या थंडीत आत्याबाईंना इंदूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. छातीचं दुखणं होतं, उठायची मनाई होती. नळ्या लावलेले हात चादरीवर सारखे हलत असायचे. त्या गेल्या, त्याआधीच्या शेवटच्या रविवारी मी एकटीच त्यांच्याजवळ होते.

"त्या वर्षी चिडली होतीस ना माझ्यावर?"

"हो," मी म्हणाले. "पाच-सहा महिने."

"मला कळत होतं. वाटायचं, आता ही पोर धारला यायची नाही."

त्याच गावात मी नंतर तीन वर्षं शिकले होते आणि दर रविवारी त्यांच्या हातचं जेवले होते. मी तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "परत सांग." मग मी एकेक रविवार आठवून सांगत बसले. त्या विसरल्या होत्या, की त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.