दहा मिनिटांचा गाऊन

आज माझा पदवीदान समारंभ होता. लगेच अभिनंदन करू नका, आधी ऐका.

आमच्या कॉलेजात गाऊन कमी आणि मुलं जास्त. त्यामुळे स्टेजवरून उतरलं की पायरीपाशीच गाऊन-टोपी काढून पुढच्या वर्गाला द्यायची. हे आम्हाला आज सकाळी सांगितलं!

मी महिनाभर आईच्या मागे लागले होते, की तुला गाऊन-टोपी घालून एक फोटो काढायचाच. सातवीत शाळा सुटलेली माझी आई त्या एका फोटोसाठी दिंडोशीहून अंधेरीला आली होती.

मी गाऊन गोळा करणाऱ्या मॅडमना म्हटलं, "दोनच मिनिटं द्या ना, आई दारातच उभी आहे."

"सगळ्यांच्याच आया उभ्या आहेत. काढ लवकर."

काढला. बाहेर आले तर लॉनवर प्रमुख पाहुणे गाऊन घालून आरामात फोटो काढत होते. आमच्या भागातले पुढारी आहेत ते. मग त्यांनी तो गाऊन बायकोला घातला. आणि आमच्या त्याच मॅडम हसत हसत तिच्या खांद्यावरचा रंगीत पट्टा सरळ करत होत्या.

माझं डोकंच फिरलं. आईने माझा हात धरला. "ऱ्हवांदे गो. तुझ्या आंगार बघलंय मां, झाला."

रिक्षात बसल्यावर तिने पिना काढल्या, अंबाडा सोडला आणि रोजच्यासारखा वर बांधला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. टोपी नीट बसावी म्हणून सकाळी तिने तो मुद्दाम खाली, मानेवर घातला होता.

करा आता अभिनंदन.