‘खाली’ लिहिलेला डबा

“आधी पाणी पी.”

मॅडमच्या खोलीत पाऊल टाकलं की पहिलं वाक्य हेच. कामाचं बोलणं नंतर. स्टीलचा ग्लास पुढे यायचा, आणि आपण पिऊ लागलो की चष्म्यावरून त्यांची नजर आपल्या गळ्यावर. लखनऊचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना यात नवल वाटणार नाही. मलाही पहिल्या दिवशी वाटलं, काय हे अगत्य! मी ग्लास संपवला, तर म्हणाल्या, “अजून एक घोट घे. मान जरा वर कर. हं.”

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला रक्त तपासायला पाठवलं. लग्नानंतर दोन वर्षं सासूबाई ज्याला आळस म्हणत होत्या, तो थायरॉइड निघाला. गिळताना ही ग्रंथी वर सरकते, आणि माझी जरा जास्तच दिसली होती. तेव्हापासून मी रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेते, आणि सासूबाई आता दुसरं काहीतरी म्हणतात.

मी मूळची सोलापूरची. नवरा हवाई दलात, त्यामुळे बख्शी का तालाबला क्वार्टर. रसायनशास्त्रातली एम.एस्सी. वाया जाऊ नये म्हणून जानकीपुरमच्या पुढे एका औषध-संशोधनाच्या प्रयोगशाळेत कंत्राटी नोकरी धरली. मॅडम तिथल्या मोठ्या शास्त्रज्ञ. कऱ्हाडच्या, पण तीस वर्षं लखनऊत. या शहराकडून त्यांनी एकच गोष्ट उचलली होती, ‘आप’. ती वापरायच्या मात्र भलतीकडे. आम्हा मराठी माणसांना सरळ अगं-अरे, आणि फ्लास्कमध्ये हटून बसलेल्या भुकटीला, “चलिए, अब घुल भी जाइए.” ती विरघळली की, “शुक्रिया.”

त्यांचं काम त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. “आम्ही चार भावंडं. आई नुसतं ‘बाळा’ म्हणायची आणि चौघंही धावत यायचो. थायरॉइडचा हार्मोन तसाच आहे बघ. एक हाक, आणि सगळं शरीर उठून उभं.” ही हाक ऐकणारे रिसेप्टर पेशींमध्ये असतात. यकृतात एका जातीचे जास्त, हृदयात दुसऱ्या. यकृतातल्यांनी ऐकलं तर चरबी वितळते, हृदयातल्यांनी ऐकलं तर ते धावत सुटतं. “आपल्याला असा छोटासा रेणू करायचाय,” त्या म्हणाल्या, “की यकृत उठेल आणि हृदय झोपून राहील.”

“मॅडम, हृदय झोपलं तर माणूस उरेल का?”

“वात्रटपणा पुरे. फ्लास्क हलव.”

हृदयाची त्यांना एवढी काळजी का, ते पुढे कधीतरी कळलं. तराजूवर काहीतरी मोजता मोजता, मान वर न करता त्यांनी सांगितलं. धाकट्या बहिणीनं कुणाच्या तरी सांगण्यावरून, वजन उतरावं म्हणून, थायरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या. वजन उतरलं. ठोके बिघडले ते पुन्हा ताळ्यावर आलेच नाहीत, आणि त्यातच ती गेली. “तिला कुणी पाणी पाजून विचारलं नाही,” एवढंच म्हणाल्या आणि आकडा लिहून घेतला.

मी रुजू झाले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं, आणि हातात सत्तावन्नावा रेणू होता. ‘सत्तावन्न’ हेच त्याचं नाव. उंदरांच्या यकृतातली चरबी त्यानं उतरवली होती. हृदयाची परीक्षा तेवढी बाकी. “नापास झाला तरी हरकत नाही,” मॅडम म्हणायच्या, “अठ्ठावन्न करायला वेळ आहे अजून.”

आता माझा पराक्रम ऐका.

त्या दिवशी दोन डबे फ्रीजमध्ये ठेवायचे होते. एक वरच्या कप्प्यात, त्यात नेहमीची साधी रसायनं. दुसरा खालच्या कप्प्यात, त्यात होता नव्हता तेवढा सगळा सत्तावन्न. सहा तपकिरी बाटल्या, आणि काचेला आतून चिकटलेला त्याचा पातळ थर. तो बाहेरून कुणाला दिसायचा नाही. मी पट्टी चिकटवून एका डब्यावर लिहिलं ‘वर’, दुसऱ्यावर लिहिलं ‘खाली’. डबे टेबलावर ठेवले आणि चहाला गेले.

परत आले तेव्हा शुक्लाजी सिंकपाशी होते. बाटल्या-फ्लास्क धुणं हे त्यांचं काम, आणि गेली वीस वर्षं ते काम त्यांच्याइतकं चोख कुणी केलेलं नाही. सहा तपकिरी बाटल्या जाळीवर उलट्या टाकलेल्या. लखलखीत.

“शुक्लाजी, यह क्या किया?”

“मैडम, आप ही ने तो लिखा था, खाली. हमने धो दिया.”

हिंदीत खाली म्हणजे रिकामं. दोन वर्षं लखनऊत राहून मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण हातानं लिहिलं ते सोलापूरच्या डोक्यानं.

“और वह दूसरा?” मी उगाचच विचारलं.

“उस पर ‘वर’ लिखा था. हमने सोचा किसी की शादी का मामला है, नहीं छुआ.”

एरवी मी हसून लोळले असते. आम्ही दोघं मॅडमच्या खोलीत गेलो. शुक्लाजींनी हात जोडलेले, मी घडलं ते सांगून टाकलं. मॅडमनी सगळं ऐकलं. मग दोन ग्लास भरले.

“आधी पाणी पी. शुक्लाजी, आप भी पीजिए. आपने ठीक पढ़ा. हमारी मराठी ही ग़लत शहर में थी.”

त्या दिवशी त्यांनी आमच्या गळ्याकडे पाहिलं नाही. मी कुठलीही शिक्षा आनंदानं घेतली असती, पण ते पाणी घशाखाली उतरवणं फार जड गेलं.

सत्तावन्न पुन्हा बनवायला बारा पायऱ्या. “या वेळी तू कर, मी बघते,” मॅडम म्हणाल्या. सातव्या पायरीला माझा रेणू तीनदा बिघडला. चौथ्या वेळी त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि फ्लास्कला म्हणाल्या, “देखिए, लड़की घबरा रही है. अब मान जाइए.” तो मानला. सगळं हातात यायला सहा महिने लागले.

मग हृदयाची परीक्षा झाली. शेजारच्या इमारतीतून कागद आला. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे सरकवला. प्रत्येक उंदराचे ठोके वाढलेले.

“उठलं गं,” त्या म्हणाल्या.

कुणीतरी सुचवलं की कमी डोसचेच आकडे पुढे पाठवावेत, तिथं ठोके फारसे चढलेले नाहीत. मॅडमनी त्याला पाणी विचारलं नाही. अहवालात पहिल्याच ओळीत स्वच्छ लिहिलं, की हा रेणू हृदयाला जागं करतो, पुढे नेऊ नये.

निवृत्तीला सात आठवडे राहिले होते. अठ्ठावन्न करायला ते पुरणार नव्हते. माझ्यामुळे गेलेले ते सहा महिने त्यांच्याजवळ असते तर पुरले असते. हे मी त्यांना बोलून दाखवलं, आणि बोलता बोलता रडले. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, “माझा वेळ गेला हे खरं आहे. उगाच नाही कशाला म्हणू? पण बारा पायऱ्या आता तुझ्या हातात आहेत. माझे हात तसेही कापायला लागलेत.”

हात कापतात हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. त्या सगळ्यांचे गळे बघत राहिल्या आणि आम्ही त्यांचे हात पाहिले नाहीत. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. जरा बघा त्याच्याकडे.

निरोपाच्या समारंभाच्या दुसऱ्या दिवशी त्या कऱ्हाडला जायला निघाल्याही.

सोमवारी मी त्यांच्या रिकाम्या खोलीत उभी होते, तेवढ्यात शुक्लाजी एक डबा दोन्ही हातांत धरून आले. “यह मैडम की अलमारी में मिला. धोया नहीं है,” ते घाईघाईनं म्हणाले. “पहले आपसे पूछ रहे हैं. यह वाला खाली कौन-सा है?”

डब्यावर पट्टी होती, आणि मॅडमच्या किंचित कापऱ्या अक्षरात एकच शब्द, ‘खाली’.

आत एक तपकिरी बाटली. उजेडात धरून पाहिली, आत काही नव्हतं. हिंदीत बरोबर. मग बाटलीच्या खाली पाहिलं. तिथं चौपदरी घडीचा कागद होता. पेन्सिलनं काढलेला सत्तावन्न, त्यातल्या एका कोपऱ्यावर फुली, फुलीशेजारी नवा तुकडा, आणि वर लिहिलेलं: ‘अठ्ठावन्न. सातव्या पायरीला घाबरू नकोस.’

मी तिथंच त्यांच्या खुर्चीत बसले. मला रडू आवरेना.

शुक्लाजींनी कोपऱ्यातला स्टीलचा ग्लास विसळला, भरला आणि माझ्यापुढे धरला. “पहले पानी पीजिए, मैडम.”

मी प्यायले. पिताना पाहिलं, तर ते मान जराशी वाकडी करून माझ्या गळ्याकडे बघत होते.