चढ आला की उतरायचं

ग्रानादाच्या बग्गीवाल्यांत एव्हेलिओसारखा विक्षिप्त माणूस दुसरा नव्हता. तळ्याकडून चौकात येताना चढ लागला की तो खाली उतरायचा आणि गिऱ्हाइकांनाही उतरवायचा. त्याची घोडी कनेला रिकामी बग्गी घेऊन ऐटीत पुढे, आणि भाडं देऊन बसलेली माणसं घाम पुसत मागे. बाकीचे बग्गीवाले पोट धरून हसत. चौकात पाटीतून खाण्याचे पदार्थ विकणारी त्याची बायको सोकोरो एकदा म्हणाली, "माझ्या डोक्यावर पाटी असते तेव्हा नाही दिसत तुला हा चढ?" दुसऱ्या दिवसापासून एव्हेलिओ मुकाट्याने तिची पाटी वाहू लागला.

एका दुपारी औषधवाल्याच्या विधवा कासिल्दा, ज्यांना सगळे मानाने 'दोन्या' म्हणत, बग्गीत बसल्या. बाई अंगाने भरभक्कम, जिभेने त्याहून. चढाशी एव्हेलिओने अदबीने उतरायला सांगितलं. बाईंनी सुनावलं, चालायचंच असतं तर बग्गी कशाला केली असती?

एव्हेलिओ वाद घालणाऱ्यांतला नव्हता. त्याने कनेलाला सोडून सावलीत बांधलं आणि स्वतःच दांड्यांमध्ये शिरून ओढू लागला. बग्गी तसूभर हलेना. बघे जमले. शेवटी बाई फणकाऱ्याने उतरल्या नि चालू लागल्या. पण अर्ध्या चढावर त्या एका घराच्या पायरीवर मटकन बसल्या. चेहरा पांढराफटक.

एव्हेलिओ धावत गेला. घोडीवर दया करता करता आपण बाईंना विसरलो, हे त्याला चांगलंच लागलं.

"गुडघे दुखतात का, दोन्या?"

"कधीचे दुखतायत," त्या पुटपुटल्या. "चारचौघांत सांगायची लाज वाटते."

"मला तरी सांगायचं. मी हट्टी आहे, बहिरा नाही."

त्याने खालून बग्गी जुंपून आणली, बाईंना बसवलं आणि घोडीचा भार हलका व्हावा म्हणून मागून खांदा लावला. हसणारे बग्गीवालेही त्याला शिव्या घालत ढकलायला आले. बाई वरून सगळ्यांना हुकूम सोडत होत्या.

त्यानंतर त्या दुसऱ्या कुणाच्या बग्गीत बसल्या नाहीत. चढावर बसून राहण्याची मुभा त्यांना एकट्यांना; सोबतच्या प्रत्येकाला त्या स्वतः खाली हाकलत. एकदा बिशपसाहेबांचा गुबगुबीत भाचा उतरताना कुरकुरला, तर त्याला म्हणाल्या, "उतरलाच आहेस तर ढकल."

बिचारा धापा टाकत वर पोचला. एव्हेलिओने धावत जाऊन पाणी आणलं. आधी कनेलाला पाजलं, मग त्याला.