पन्नासावं नाव

कारंजाच्या तेलगिरणीत हौसाबाई पाणी पाजायची. चौदा वर्षं. सकाळी मुकादम पंजाबराव फाटकाशी हजेरी घ्यायचा, तेव्हा ती रांजण भरत असायची. एकोणपन्नास नावं तिला तोंडपाठ. कुणाला उशीर झाला की तीच रांजणापासून ओरडायची, "येऊन राह्यला तो, मांडा हजेरी."

सत्तावन्न साली प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा त्यांच्याही गिरणीच्या दारात आला. कामगाराच्या पगारातून जेवढं कापायचं, तेवढंच मालकानं आपल्या खिशातून घालायचं. अट एकच, गिरणीत पन्नास माणसं हवीत. शेठजींचा हजेरीपट एकोणपन्नासावर थांबला तो हलेचना. घाण्यावरच्या चंपतनं, म्हणजे युनियनच्या सेक्रेटरीनं, तीनदा माणसं मोजली. शेवटी डोकं धरून रांजणापाशी बसला. हौसाबाईनं त्याला गडू भरून दिला.

मग बातमी आली, अकोल्याहून इन्स्पेक्टर येणार. आदल्या दिवशी पंजाबरावानं हौसाबाईला बाजूला घेतलं. कुणी विचारलं तर शेठजींच्या घरची बाई म्हणून सांग, दिवाळीचं लुगडं विसरू नको, असं बजावलं. तिनं मान हलवली. लुगडं खरंच चांगलं असायचं.

इन्स्पेक्टरनं माणसं मोजली. एकोणपन्नास. फाइल बांधली आणि पाणी मागितलं. गडू रिकामा करताना सहज विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"शेठजींच्या घरची आहे, साहेब," पंजाबराव मध्येच म्हणाला.

चंपत खाली मान घालून उभा होता. हौसाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग गडू पालथा घातला.

"कोनाच्या घरची, पंजाबराव? चौदा वर्सं झाली, शेठजीची चूल मी अजून पाह्यली नाई."

इन्स्पेक्टरनं फाइल पुन्हा सोडली. पगार कुठं मिळतो, कोण देतं, विचारलं. इथंच, मुकादमाच्या हातून, ती म्हणाली. त्यानं लिहून घेतलं.

इन्स्पेक्टर गेल्यावर चंपत रांजणापाशी आला. "मावशे, तुले मोजाचं मले सुचलंच कसं नाई?"

"पानी पेतानी वर कोन पायते, बाबू?"

त्या दिवाळीला लुगडं आलं नाही. हजेरीपट मात्र नवा आला. पंजाबराव एकेक नाव घेत खाली पोचला, खाकरला आणि म्हणाला, "हौसाबाई."

हौसाबाई रांजणात कळशी ओतत होती. मान वर न करता सवयीनं ओरडली, "येऊन राह्यली ते, मांडा हजेरी."