पाहुणा जेवेना

आमच्या घरी श्रावण असा पाळतात की कोणी अंड्याचं नुसतं नाव काढलं तरी आई त्याच्याकडे टवकारून बघते. तरीही गेल्या श्रावणात आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, वाटाण्याच्या पाकिटामागे, पिशवीत पिशवी घालून गुंडाळलेली उंदरांची पिल्लं होती, आणि ती आईच्या परवानगीने होती. "त्याले कायचा श्रावण?" असा निकाल तिने देऊन टाकला होता. मला महिनाभर ऑम्लेट बंद. ज्याच्यासाठी ही खास सूट दिली होती, तो मात्र तोंड लावायला तयार नव्हता. गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या आमच्या मोहल्ल्यात त्या वर्षी सगळ्यात कडक उपास एका अजगराने केला.

अजगर म्हणायचं ते फक्त जातीपुरतं. मूळचा आफ्रिकेकडचा, वर्षाचाही नाही, माझ्या अंगठ्यापेक्षा थोडा जाड. याला बॉल पायथन म्हणतात, कारण घाबरला की तो चेंडूसारखा गोळा होतो. आमच्याकडे आल्यापासून तो बहुतेक वेळ गोळाच होता. नागपूरची माझी मैत्रीण परदेशी गेली. जाताना लोक मैत्रिणींना तुळशीच्या कुंड्या देतात, तिने मला हा दिला, रीतसर कागदपत्रांसकट. त्याच सुमाराला मीही नागपूरच्या नोकरीला कंटाळून घरी परत आले होते आणि गोंदियातल्या एका शाळेत शिकवायला लागले होते. म्हणजे घरी दोघं एकदमच दाखल झालो. माझ्या परत येण्याबद्दल कोणी काही बोललं नाही, सगळे सापाबद्दल बोलले. त्याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे.

बाबांनी काचेच्या पेटीत वाकून पाहिलं आणि त्यांचा अपमान झाला. "नवेगाव बांधच्या जंगलातला अजगर अख्खी बकरी गिळते, अन् याले उंदराचं पिल्लू जड होऊन राहिलं? माया धानाच्या कोठीत सोडून दे याले, दोन दिवसांत सुधरते." बाबांच्या मते जगातला कुठलाही प्राणी धानाच्या कोठीत सोडला की सुधारतो. माझ्याबद्दलही त्यांचं हेच मत असावं.

आईने पेटीची तपासणी सूनमुख पाहायला आल्यासारखी केली. आत नारळाच्या करवंटीचं घर, पाण्याची वाटी, आणि पेटीच्या एका कोपऱ्याखाली विजेवर गरम होणारी काळी चपटी चटई.

"हे बुडाखाली काय होय?"

"त्याची गादी. गरम राहते."

तिने हात लावला आणि झटकन मागे घेतला. "गादी कायची! हा तर तवा होय."

"हो, तवाच समज," मी म्हटलं आणि वह्या तपासायला बसले. एवढं सविस्तर आणि शास्त्रशुद्ध उत्तर दिल्यावर आणखी काही समजावायची गरज मला वाटली नाही.

मग सुरू झाली जेवणाची आर्जवं. शाळेतून आले की मी एक पिल्लू जुन्या स्टीलच्या ग्लासात कोमट पाण्यात बुडवायची, पुसायची, चिमट्यात धरून त्याच्यापुढे नाचवायची. दिवसभर चाळीस पोरांपुढे पाढे म्हणायचे आणि संध्याकाळी एका सापापुढे मेलेला उंदीर नाचवायचा, असं माझं करिअर बहरलं होतं. तो जीभ बाहेर काढायचा, उंदराचा वास घ्यायचा, लग्नातल्या रुसलेल्या जावयासारखं तोंड फिरवायचा आणि करवंटीत जायचा. ते पिल्लू मग मी मागच्या धानाच्या बांधीत टाकून यायची. बगळे खूश होते.

मैत्रिणीला फोन केला. तिने विचारलं, ऊब बरोबर आहे ना? मी जरा रागानेच सांगितलं की रोज संध्याकाळी आल्याबरोबर मोजते, काटा अगदी हवा तिथे असतो. मग त्याला उगाच हात लावू नकोस, वाट बघ, असं ती म्हणाली. वाट बघत बघत त्याचा पाठीचा कणा वर दिसायला लागला. मी दर रविवारी त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची आणि आकडा कोणाला सांगायची नाही. विनोद खूप झाले, पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. नागपूरहून मी धडपणे आणलेली गोष्ट एवढी एकच होती, आणि ती माझ्या हातात मरणार असं दिसत होतं.

आईचं रोजचं तोंड चालूच होतं. "घरात साप पोसून राहिली, अन् तोही नखरेवाला." ती स्वतः त्या श्रावणात रात्रीची जेवत नव्हती. दरवर्षी सोमवार-शनिवार धरायची, या वर्षी महिनाभर एकवेळ. भक्ती वाढली असेल, म्हणून आम्ही सोडून दिलं.

नागपंचमीला पाऊस इतका लागला की शाळा दुपारीच सोडली. घरी पोचले तर ओसरीत शेजारच्या बाया, हातात हळद-कुंकू, लाह्या, दुधाच्या वाट्या. फिरत्या गारुड्याच्या नागापेक्षा घरचा साप त्यांना सोयीचा पडला होता. एकीने काचेलाच कुंकू लावलं होतं. हाच तो खुलासा, असं मला वाटलं. एवढ्या दर्शनार्थींपुढे कोण जेवेल? गोड बोलून बायांना वाटेला लावलं, काच पुसली आणि सवयीने पेटीच्या खाली हात घातला.

थंडगार. वायर काढून, नीट गुंडाळून खिळ्याला टांगली होती.

"आई, ही कोणी काढली?"

"मी. आज आपल्या घरी चुलीवर तवा नाही ठेवत, नागाची फणी भाजते म्हणून. अन् तू नागाच्याच बुडाखाली पेटता तवा ठेवून शाळेत जातेस?"

"फक्त आजच काढलीस ना?"

"आजच कायले? तो काय रोज नाग नाही? तू गेली का काढून राहिली, तू यायच्या टाइमले लावून राहिली. तू चिडतेस म्हणून."

मी तिला सांगितलं की सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेरून मिळाली नाही तर खाल्लेलं पोटातच सडतं, म्हणून तो खातच नाही. माझा आवाज चढला होता.

"म्हणजे मी त्याले उपाशी मारून राहिली होती?"

"हो. तूच."

असं बोलायला नको होतं, पण बोलले. खिळ्यावरची वायर तिने स्वतः काढली आणि ऐन नागपंचमीला, अख्ख्या मोहल्ल्यातले तवे भिंतीला टेकलेले असताना, आपल्या हाताने बटण दाबलं. चटई गरम होईपर्यंत ती पेटीजवळ बसून राहिली. "माफ कर बापा," असं पुटपुटताना मी ऐकलं.

त्यानंतर तिने पहाराच बसवला. लाइट गेली की पेटीवर जुनी गोधडी टाकायची. बाया आल्या की त्यांना दारातूनच परतवून लावायची, "झोपला आहे" म्हणून. अशी वागणूक मला दहावीच्या परीक्षेत मिळाली नव्हती.

आणि पोळ्याच्या आधी, एका संध्याकाळी, मी चिमटा पुढे केला आणि फार काही आशा न ठेवता दुसरीकडे बघत होते, तेवढ्यात चिमट्याला झटका बसला. बघते तर पिल्लाभोवती त्याचा वेढा पडलेला. मी हलले नाही. आईला हळू आवाजात हाक मारली. ती पीठ लागल्या हाताने आली आणि माझ्या खांद्यामागून बघत राहिली. त्याने निवांत जबडा उघडला, डोक्याकडून सुरुवात केली, आणि शेपटीचं टोक आत जाईपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

"खाल्लं ना त्यानं? नक्की?"

"नक्की."

"मंग चाल, मले भात वाढ. भूक लागली."

"आणि श्रावणाचा उपास?"

"श्रावणाचा कोन म्हणलं?" ती हात धुता धुता म्हणाली. "घरात एक जीव उपाशी असताना मी पोटभर कशी जेवू?"

मी तिचं ताट घेतलं आणि भात वाढायला लागले. एरवी दुसऱ्या चमच्यालाच ताटावर हात आडवा धरणारी आई त्या दिवशी 'पुरे' म्हणालीच नाही.